कॅमेऱ्यासाठी जागा

फळबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. लिलाव पुकारणारे तिथे आणखीही होते, पण भोंग्याने तोंड उघडलं की पलीकडच्या शेडमधले हमालसुद्धा डोक्यावरची पेटी तशीच धरून ऐकत राहायचे. बाजारवाल्यांनी एकदा त्याच्या हातात माइक दिला, तर त्याने तो शेजारच्याकडे सरकवला. म्हणाला, "हा नाजूक घशाच्या माणसांना द्या." घरी आला तरी पट्टी तीच. "अहो, मी इथेच आहे, हातभर अंतरावर," असं बायको म्हणायची. तो ओशाळून आवाज खाली आणायचा आणि चहा थंड व्हायच्या आत पुन्हा वर गेलेला असायचा.

बायको छापखान्यात बाइंडिंग करायची. कागद दुमडणं, शिवणं, पुठ्ठा चिकटवणं, कडा कापून सरळ करणं. तिथे तिला बाइंडरबाई म्हणत, आणि भोंगाही लाडात आला की तेच म्हणायचा. कमी बोलणारी बाई. "आमच्यात काम वाटून घेतलंय," भोंगा पाहुण्यांना सांगायचा, "बाइंडरबाईंच्या वाटणीचंही मीच बोलतो."

एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बापाने तिचं नाव ठेवलं भिंगरी, आणि घरात तेच चिकटलं. तिचं लग्न झालं. जावयाची नोकरी पार समुद्रापलीकडे, तेव्हा तीही तिकडे गेली. विमानतळावर तिच्या सामानाची ढकलगाडी भोंग्यानेच ढकलली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ती आतल्या रांगेत शिरून दिसेनाशी व्हायला आली, तसा हा टाचा उंच करून ओरडला, "भिंगरेऽ, पोचल्यावर फोन कर गं!" रांगेतली झाडून सगळी माणसं वळली. पोरगी लाजली, हसली, हात हलवून आत गेली.

त्यानंतर वर्षभराने भोंग्याची जीभ अडखळायला लागली.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, गडी सकाळी सकाळीच घेऊन येतो की काय. मग हातातून पेन निसटायला लागलं, मग पायऱ्या चढताना पाय आपटायला लागला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि मग साध्या भाषेत समजावलं: स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून विझत जाणार. हात जातील, पाय जातील, आवाज जाईल. "डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील," डॉक्टर म्हणाले. ही चांगली बातमी समजायची की वाईट, ते बाइंडरबाईला घरी येईपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर कळलं.

भिंगरीला आजाराचं सांगितलं, पण बेताबेताने. ती येणारच होती. तेवढ्यात तिला दिवस गेले आणि पहिल्याच महिन्यात रक्त दिसलं. तिकडच्या डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली की प्रवास नाही, जिने नाहीत, होईल तितकं अंथरुणातच. "आई, मी इथे अडकलेय आणि बाबा तिथे," ती फोनवर रडायची. बाइंडरबाई म्हणायची, "तू तुझं बाळ सांभाळ. बाबांना मी सांभाळते."

भोंगा खुर्चीत आला. मानेला आधाराचा पट्टा लागला. आवाज तर कधीच गेला होता. आता उरले होते ते डोळे. दवाखान्यातून एक यंत्र मिळालं, वीतभर लांबीची काळी पट्टी. ती कॉम्प्युटरच्या पडद्याखाली चिकटवायची. पडद्यावर अक्षरं मांडलेली असत. ज्या अक्षराकडे भोंगा क्षणभर टक लावून बघेल ते उमटायचं, वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटरमधला एक माणूस ते वाचून दाखवायचा. त्या माणसाचा आवाज सपाट, सगळे शब्द एका उंचीचे. पहिल्या दिवशी भोंग्याने बऱ्याच खटपटीने वाक्य जुळवलं आणि कॉम्प्युटरमधला माणूस म्हणाला, "याला बाजारात उभा केला तर फळं सडतील." बाइंडरबाई हसता हसता खाली बसली आणि तशीच पदरात तोंड घालून रडली.

कॉम्प्युटर भिंगरीचाच, कॉलेजातला, जुना. त्याला वायरी लावायच्या जागा चारच. दोन साध्या, त्यांत कीबोर्ड आणि माउस. दोन निळ्या, वेगवान, त्यांतल्या एकीत डोळ्यांचं यंत्र आणि दुसरीत बोलण्याऐकण्याचा डबा, म्हणजे माइक आणि स्पीकर एकत्र. दर रविवारी दुपारी भिंगरीचा फोन कॉम्प्युटरवर यायचा. ती पडद्यावर दिसायची, उशीला टेकलेली, पोट हळूहळू वर येत चाललेलं. भोंगा तिच्याशी डोळ्यांनी बोलायचा. तिला मात्र तो दिसायचा नाही, कारण कॅमेरा लावायला जागाच नव्हती. जावयाने एक कॅमेरा पाठवला होता. बाइंडरबाईने एकदा माउस काढून त्याच्या जागी तो लावून पाहिला, पण साध्या जागेतून चित्र पुढेच सरकेना. ती खटपट करत असताना कॉम्प्युटरमधला माणूस म्हणाला, "राहू दे. जागा नाही."

"बघते ना काहीतरी," ती म्हणाली.

"जागा नाही. राहू दे."

तिला वाटलं, तिचे कष्ट नकोत म्हणून म्हणताहेत. तिने कॅमेरा खोक्यात घालून कपाटावर ठेवला.

भिंगरी मात्र दर रविवारी विचारायची. "आई, बाबांचं तोंड तरी दाखव गं. फोनवर फोटो काढून पाठव." बाइंडरबाईचा फोन साधा, बटणांचा; ती काहीबाही सांगून वेळ मारून न्यायची. एका रविवारी भोंगा जरा झोपला होता, तेव्हा भिंगरी दबल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय. बाबा खरंच आहेत ना? की ते टाइप तूच करतेस?"

हे बाइंडरबाईच्या जिव्हारी लागलं. बाप जिवंत असून पोरीला तसं वाटावं! दुसऱ्या दिवशी छापखान्यातून ती लवकर सुटली आणि कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

दुकानातल्या मुलीने नीट ऐकून घेतलं. "काकू, तुम्हाला हब लागेल," ती म्हणाली आणि बोटभर लांबीचा एक डबा काउंटरवर ठेवला. "याचं एक टोक कॉम्प्युटरच्या निळ्या जागेत जातं. मग त्या एका जागेच्या चार होतात, चारही वेगवान."

"त्यावर डोळ्यांचं यंत्र चालेल?"

"ते थेट कॉम्प्युटरलाच राहू द्या, त्याच्या वाटेत कुणाला आणू नका. दुसऱ्या निळ्या जागेत हब लावा, आणि हबवर तुमचा बोलायचा डबा आणि कॅमेरा. आणि हा नको, हा घ्या," म्हणत तिने दुसरा डबा काढला, "याला स्वतःचा वेगळा प्लग आहे, भिंतीतून वीज घेतो. नाहीतर दोन-तीन वस्तू एकदम लावल्या की वीज कमी पडते आणि मधेच काहीतरी बंद पडतं. बोलता बोलता बंद पडलं तर कसं व्हायचं?"

बाइंडरबाईने ते सगळं मनात घोकत घोकत रस्ता काटला. रविवारी सकाळी भोंग्याचा डोळा लागला होता तेव्हा ती टेबलाखाली शिरली. बोटांना बारीक कामाची सवय होती. प्लग भिंतीत, हबवरचा दिवा लागला. बोलायचा डबा हबवर. कॅमेरा कपाटावरून काढून पुसला, पडद्याच्या वर बसवला. वायरी एकत्र करून तिने त्या बाइंडिंगच्या दोऱ्याने बांधल्या, गाठ आत वळवली. मग भोंग्याची दाढी केली, केस विंचरले, धुतलेला निळा शर्ट घातला. तो प्रश्नार्थक बघत राहिला. "आहे एक गंमत," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःलाच हलकं वाटत होतं.

दुपारी भिंगरीचा फोन आला. बाइंडरबाईने माउसने बटण दाबलं. पडद्यावर भिंगरी उमटली, आणि कोपऱ्यात आणखी एक छोटा चौकोन उघडला.

त्या चौकोनात एक माणूस बसला होता. मान पट्ट्यात अडकवलेली, तोंड अर्धवट उघडं, गाल आत गेलेले, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा धागा. भोंग्याने तो माणूस पाहिला. आजारी पडल्यापासून त्याने आरसा पाहिलेलाच नव्हता. दाढी बायको करायची, आणि तिने कधी आरसा समोर धरला नव्हता.

भिंगरीचा हात तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"बाबा," ती म्हणाली. मग, "बाबा, छान... छान दिसताय. निळा शर्ट छान आहे." तिचा आवाज असा झाला होता की खोटं आहे हे पोरासोरांनाही कळलं असतं.

बाइंडरबाईने भोंग्याकडे पाहिलं. त्याची नजर अक्षरांवरून सैरावैरा धावत होती. यंत्राला पकडता येईना, पडद्यावर भलतीच अक्षरं उमटत होती, पुसली जात होती. आणि मग त्याने डोळे मिटले. मान वळवता येत नव्हती, हाताने तोंड झाकता येत नव्हतं, उठून खोलीबाहेर जाता येत नव्हतं. डोळे मिटणं एवढंच त्याच्या हातात होतं, आणि डोळे मिटले की बोलणंही मिटलं.

"दमलेत गं ते," बाइंडरबाई घाईघाईने म्हणाली.

"हो आई. मी... मी मग करते." पडदा काळा झाला. तिकडे ती एकटी होती, जावयाला रविवारीही काम असायचं, हे बाइंडरबाईला नंतर आठवलं.

भोंग्याने संध्याकाळपर्यंत डोळे उघडले नाहीत. झोपला नव्हता, हे श्वासावरून कळत होतं. तिने नळीतून जेवण दिलं, तोंड पुसलं, पाय चोळले. "अहो, बघा ना माझ्याकडे," ती दोनतीनदा म्हणाली. पापणी हलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणं कमी झाली नव्हती, पण या माणसाने अबोला असा कधी धरलाच नव्हता. त्याला तो जमतच नसे.

सकाळी तिने खुर्ची पडद्यासमोर आणली. त्याने डोळे उघडले आणि अक्षरांकडे बघायला लागला. एकेक अक्षर. ती उभी राहून वाट बघत होती.

"जागा नव्हती तेच बरं होतं," कॉम्प्युटरमधला माणूस म्हणाला.

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. ती इतकी मागे लागली होती."

पुन्हा अक्षरं. या वेळी फार वेळ लागला.

"तिच्या डोळ्यांत मी अजून उभा होतो."

बाइंडरबाई खाली बसली. "मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. जागा नाही म्हणालो होतो."

तिला राहून राहून ते आठवलं, राहू दे, जागा नाही, दोनदा. जो आयुष्यभर तिच्या वाटणीचंही बोलला, त्याचे हे चार शब्द तिला ऐकता आले नव्हते. ती त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. तिच्या डोक्यावर हात ठेवणंही त्याच्याच्याने होणार नव्हतं. जरा वेळाने वरून सपाट आवाज आला, "रडू नको. वायरी छान बांधल्यात."

त्याने हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. त्यापेक्षा रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

कॅमेऱ्याची वायर तिने काढून ठेवली. पुढच्या रविवारी भिंगरीचे डोळे सुजलेले होते, पण आवाज सावरलेला होता. "बाबा, मी घाबरले नाही. नुसती दचकले. लावा ना कॅमेरा."

"नको," भोंगा म्हणाला.

"बाबा, प्लीज."

"नको भिंगरे."

ती म्हणाली, "ठीक आहे. मग मीपण नाही दिसणार तुम्हाला. फिट्टंफाट." तिने आपलाही कॅमेरा बंद केला. पडदा काळाभोर. त्या काळ्या पडद्यातून बापलेक बोलत राहिले, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा जास्त बोलले. बाळाचं नाव काय ठेवायचं, जावई भात कसा करपवतो, पोटात लाथा कशा बसतात. भोंगा एक वाक्य जुळवेपर्यंत ती गुणगुणत वाट बघायची. बाइंडरबाई दाराशी बसून दोघांचं ऐकायची. मधे बोलायचा तिला धीर व्हायचा नाही.

भिंगरीला दिवसांच्या आधीच मुलगी झाली. लहानशी, पण धडधाकट. जावयाने कळवलं तेव्हा बाइंडरबाईने भोंग्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिने पुसलं, कारण ओल्या डोळ्यांना यंत्र पकडत नसे.

दवाखान्यातून घरी आल्यावर भिंगरीने फोन केला. तिने आपला कॅमेरा लावला होता, बाळ हातात होतं. भोंगा खूप वेळ बघत राहिला. मग अक्षरांकडे वळला.

"बाइंडरबाई. कॅमेरा लाव."

ती हलेना. "नक्की ना? अहो, नक्की?"

"भिंगरीने पाहिलंय. आता काय राहिलं. आणि त्या पोरीला माझं आधीचं काही ठाऊकच नाही. तिचा आजोबा असाच."

तिने वायर हबमध्ये बसवली. छोटा चौकोन उघडला. या खेपेला भिंगरीने हात तोंडाकडे नेला नाही. तिने बाळ उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे बघ, हे आजोबा. हे बघ."

"फळ गोड दिसतंय," कॉम्प्युटरमधला माणूस म्हणाला. "बोली लावा."

"विकायची नाहीये, बाबा!" भिंगरी रडत रडत हसली.

"मग एवढी वर धरून दाखवतेस कशाला?"

असे काही रविवार मिळाले. किती, ते बाइंडरबाईने मोजले नाहीत. मग भोंग्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या. यंत्राला डोळे सापडेनात. ती पट्टी खालीवर करायची, दिवा कमी करायची, खुर्ची पुढे ढकलायची, दुकानातल्या मुलीलाही तिने घरी बोलावून आणलं. मुलीने सगळं तपासलं, हब, वायरी, सगळं. मग हळूच म्हणाली, "काकू, यंत्रात काहीच बिघाड नाहीये." बाइंडरबाईने मान हलवली. ते तिलाही कळलंच होतं.

त्यानंतर भोंगा नुसता बघायचा. भिंगरी एकटीच बोलायची, बाळ दाखवायची, आणि आईला विचारायची, "त्यांना ऐकू येतंय ना?" येत होतं. डोकं लख्ख होतं. एका सकाळी ताप चढला, दुपारी श्वास अडकायला लागला, आणि दवाखान्याची गाडी दारात यायच्या आत भोंगा गेला. बाइंडरबाईने त्याचा हात धरला होता. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

बाळ प्रवासाजोगं झालं तेव्हा भिंगरी आली. तोवर खुर्ची आणि डोळ्यांचं यंत्र दवाखान्याला परत गेलं होतं. बाजारातले लोक भेटून गेले. घर रिकामं झालं, तशा मायलेकी खिडकीपाशी बसल्या. बाळ आजीच्या मांडीवर झोपलं होतं.

"आई," भिंगरी म्हणाली, "एक सांगू? रागावू नकोस. बाबांना आठवायला गेले ना, की मला ती खुर्चीच दिसते. विमानतळावरचे बाबा आणायचा किती प्रयत्न करते, येतच नाहीत."

बाइंडरबाईने बाळाचं दुपटं सारखं केलं. तिच्या डोळ्यांत मी अजून उभा होतो, असं भोंग्याने त्या सकाळी म्हटलं होतं, ते तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं. पोरीला ते कधीच सांगायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं.

"तू सांग ना मला बाबा कसे होते ते," भिंगरी म्हणाली. "आधीचे. माझ्याही आधीचे."

बाइंडरबाई कधी गोष्टी सांगणारी नव्हती. पण तिने घसा साफ केला आणि सुरुवात केली. छापखान्यात मी नवीनच लागले होते, ती म्हणाली. बाजाराची पत्रकं छापून घ्यायला हे आले होते. मशीन सुरू होतं, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि यांचं मात्र पार आतल्या खोलीत मला ऐकू येत होतं. मी रागाने बाहेर येऊन म्हटलं, हळू बोला. तर हे म्हणाले, "हळूच बोलतोय. मोठ्याने बोललो असतो तर तुमच्या चिकटवलेल्या पुस्तकांची पानं सुटली असती."

भिंगरी हसली. "मग? तू काय म्हणालीस?"

बाइंडरबाई थांबली. त्याचे शब्द तिला जसेच्या तसे आठवत होते, एकही इकडचा तिकडे झाला नव्हता. पण मनात ते ऐकू आले ते त्या कॉम्प्युटरमधल्या माणसाच्या आवाजात, सपाट, सगळे एका उंचीचे. तिने पुन्हा ऐकून पाहिलं. पुन्हा तोच. भोंग्याचा आवाज, ज्याने एवढी वर्षं हे घर दणाणून सोडलं होतं, कुठेच सापडेना.

"आई? मग काय म्हणालीस?"

"काही नाही," बाइंडरबाई म्हणाली. "मग मीही हसले." आणि पोर वाट बघत होती म्हणून ती पुढे सांगत राहिली.